पाचपैकी दोन

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही एका औषध कंपनीने फुकट वाटलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी पित्ताच्या गोळीची जाहिरात, म्हणजे मी काहीही लिहिलं तरी शेवट पित्तावरच होणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब चढलाय, मनात साठवू नका, कुणाजवळ तरी बोलत जा. मी बोलायला बसले की समोरच्याचंच ऐकत बसते. म्हणून वही.

काम तेच, चोवीस वर्षांचं. रुग्णालयाच्या तळघरात आमची खोली आहे. वर शस्त्रक्रियेत वापरलेली हत्यारं खाली येतात. कात्र्या, चिमटे, सुऱ्या. आम्ही ती धुतो, तपासतो, मोजून ट्रेमध्ये लावतो, बांधतो, वाफेच्या मशीनमध्ये घालतो आणि परत वर पाठवतो. आम्ही तिघी आहोत. मावशी धुतात. त्यांना या खोलीत तीस वर्षं झाली, आणखी दोन वर्षांनी निवृत्त होतील. वादळ बांधते. तिचं नाव वेगळं आहे, पण जुळी मुलं शाळेत सोडून ती ज्या वेगाने खोलीत शिरते त्यावरून हेच पडलं. मी तपासते आणि ट्रेवर सही करते. बायको काय करते असं कुणी विचारलं की हे सांगतात, "हत्यारं बाळगते, जरा जपून बोला." चोवीस वर्षं तोच विनोद आणि मी दर वेळी हसते.

आज एकवीस ट्रे झाले. पायांचे अगदी लाकडाचे ओंडके झालेत. त्यात मावशींचे डोळे थकलेत, म्हणून डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे बारीक ट्रे त्यांनी लावले की मी ते परत बघते, त्यांना कळू न देता. त्यात अर्धा तास जातो.

दुपारी वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज आला. आठ प्रश्न असतात, आणि प्रत्येकात आधी आपणच आपल्याला पाचपैकी गुण द्यायचे. मी दहा मिनिटांत भरून टाकला. सगळीकडे दोन. "विशेष कामगिरी" या रकान्यात रेघ. मग विभागप्रमुख म्हणून मावशी आणि वादळ यांचे अर्ज भरले, दोघींना सगळीकडे पाच. दरवर्षी असंच भरते.

मला स्वतःला जास्त गुण देता येतच नाहीत. नऊ वर्षांची असताना संडे स्कूलमध्ये पाठांतराचं बक्षीस मिळालं होतं, रंगीत पेन्सिलींचा डबा. शेजारणीला मी म्हटलं, बायबलची सगळ्यांत जास्त वचनं मलाच पाठ आहेत. आईने ते ऐकलं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर तो डबा परत करायला लावला. देवाला गर्व खपत नाही, म्हणाली. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण तीनचा आकडा लिहायला गेले की हात अजून आखडतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज विशेष काही नाही. सकाळचे दोन तास मात्र फुकट गेले.

मोठे सर्जन स्वतः खाली आले. ते आले म्हणजे कुणाची तरी धडगत नसते. त्यांच्या ट्रेमधला सुई धरायचा नेहमीचा चिमटा मी काढून दुसरा ठेवला होता, आणि ते त्यांना चाललं नव्हतं. "बाई, माझं हत्यार कुणाला विचारून बदललंत?" मी तो चिमटा भिंगाखाली धरला. बिजागरीजवळ केसाएवढी चीर होती. त्यांना ती तिसऱ्यांदा बघितल्यावर दिसली.

"तुम्हाला कशी दिसली?"

"दिसली नाही, साहेब. मिटताना आवाज निराळा आला."

ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले आणि निघून गेले. वादळ म्हणाली, "ताई, हे आभार मानायला थांबले होते. तोंडाने साथ दिली नाही, इतकंच." मी म्हटलं, कामाकडे लक्ष दे. एवढ्या वेळात दोन ट्रे झाले असते.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेच्या आधी खुर्च्या लावल्या, नंतर उचलल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई मागे लागल्या होत्या की पुढच्या महिन्यात पाच मिनिटं बोला, विषय "देवाने मला दिलेलं काम". मी म्हटलं, मी काय बोलणार, त्यापेक्षा त्या दिवशी कप मी विसळते. त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं, "कप".

घरी येताना हे म्हणाले, "तू स्वर्गात गेलीस तरी दाराजवळ उभी राहशील, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला लावत." मी म्हटलं, कुणीतरी लावायला हव्यातच ना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेट्रनबाई खाली आल्या. त्या कधीच खाली येत नाहीत. खोलीभर नजर फिरवली, मशीनवर हात ठेवला, आणि म्हणाल्या की हे सगळं बाहेरच्या एका कंपनीकडे देण्याचा विचार चाललाय. रोज संध्याकाळी गाडी येऊन ट्रे घेऊन जाईल, सकाळी आणून देईल. खोली बंद होईल. तिघींचं काय करायचं ते नंतर बघतील. समितीची बैठक सत्तावीस तारखेला आहे.

मी विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

त्या माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिल्या. "चुकलं म्हणजे... तुमच्या विभागाचे गुण सगळ्या रुग्णालयात सर्वांत कमी आहेत. गेली तीन वर्षं. तुम्हाला माहीत नाही?"

मला वाटलं, त्या दुसऱ्याच कुठल्या विभागाबद्दल बोलताहेत. वादळ पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली ती डोळे लाल करूनच आली. तिच्या घरी कमावणारी तीच आहे. मावशी नळाखाली हात धरून नुसत्या उभ्या होत्या.

मी दोघींना म्हटलं, प्रभूच्या मनात असेल तसं होईल. घरी आल्यावर हे वाक्य मला माझंच परकं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

वादळ काल कार्यालयात जाऊन आली. आज जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसली. डबा उघडला नाही.

"ताई, तुम्ही मला किती दिले होते?"

"पाच. दरवर्षी देते. मावशींनाही पाच."

"मग माझ्या कागदावर दोन का?"

मला काही कळेना. तिने सांगितलं ते असं. नियम आहे की विभागप्रमुखापेक्षा हाताखालच्या माणसाचे गुण जास्त असू शकत नाहीत. प्रमुख दोन, तर बाकीचे जास्तीत जास्त दोन. कार्यालयातल्या कारकुनाने दरवर्षी त्या दोघींचे पाच खोडून दोन केले. तीन वर्षं वादळचा कायम होण्याचा अर्ज त्या दोनवर अडकून पडलाय. तिला वाटत होतं की तिच्याच कामात खोट आहे. म्हणून ती एवढी धावत होती.

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हटलं.

"पण स्वतःला दोन का दिलेत?" ती ओरडलीच. "सगळ्या इमारतीत तुमच्यासारखं कुणाला येतं का? दोन! मला राग कशाचा आलाय माहीत आहे का? मी घरी नवऱ्याच्या फोटोला सांगते की माझ्या ताई अशा, माझ्या ताई तशा. आणि तुम्ही स्वतःला दोन देऊन मोकळ्या!"

मी म्हटलं, आपणच आपलं कौतुक करू नये, अशी मला शिकवण आहे. ती उठून गेली. मावशींनी तिचा डबा नीट बंद करून तिच्या पिशवीत ठेवला. मला त्या एवढंच म्हणाल्या, "जेव तू."

मी जेवले नाही. तोंडात मारल्यासारखं झालंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर पाळकांना गाठलं. ते ध्वनिक्षेपकाच्या वायरी गुंडाळत होते. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, आता जाऊन मी चांगलं काम करते असं सांगितलं तर तो गर्व होईल का?

ते म्हणाले, "बहीण, तुमची नम्रता आम्हा सगळ्यांना माहीत आहे. प्रभूसुद्धा बघतो. त्याच्यावर सोडा." आणि एक वायर धरायला दिली.

चांगले आहेत बिचारे. त्यांचं म्हणणं मला आवडलंही, कारण त्यात मला काहीच करावं लागत नव्हतं. पण पायऱ्या उतरताना वादळचे लाल डोळे आठवले आणि सगळं बरं वाटणं तिथेच संपलं. घरी येऊन दुपारभर झोपले. उठले तेव्हा जास्तच थकले होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी वाटाणे सोलत बसलो होतो. ह्यांचे गुडघे गेल्यापासून स्वयंपाकघर ह्यांचंच. तीस वर्षं बस चालवली, आता कुकर चालवतात. मी चार दिवस धड बोलत नव्हते, म्हणून शेवटी ह्यांनी खोदून विचारलं. मी सांगितलं. पाळकांनी दिलेलं उत्तरही सांगितलं.

ह्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाले, "तुझ्या त्या वाफेच्या मशीनची दर आठवड्याला परीक्षा असते ना?"

असते. जिवंत जंतूंची एक कुपी आत ठेवतात. वाफेने जंतू मेले तर मशीन पास, जगले तर नापास, आणि त्या मशीनमधला एकही ट्रे वर जात नाही.

"पास झालं की वहीत काय लिहितेस?"

"पास."

"मशीनला गर्व चढेल म्हणून नापास नाही लिहीत?"

मला हसू आलं. ह्यांना आलं नव्हतं.

"आणि लिहिलंस तर?"

"ती खोटी नोंद होईल. माझी सही काढून घेतील."

"हं." हे परत शेंगांकडे वळले. "मला उतारू विचारायचे, काय हो, गाडी कशी चालवता? मी म्हणायचो, उत्तम. त्यांना काय सांगू, मी आपला बराच धडपडतो, देवाचं नाव घेऊन बसा?"

मी उठून आतल्या खोलीत आले. वाटाणे ह्यांनीच संपवले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खोटी नोंद. दिवसभर हे दोन शब्द डोक्यात आहेत. तीन ट्रे परत मोजावे लागले.

ज्या पाठांतराचं बक्षीस मी परत केलं, त्यात दहा आज्ञाही होत्या. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही मला तेव्हापासून पाठ आहे. आजवर माझा समज असा की खोटी साक्ष म्हणजे दुसऱ्याबद्दल वाईट खोटं बोलणं. स्वतःला कमी लेखलेलं त्यात येत नाही, उलट ते पुण्याच्या बाजूला जमा होतं. पण माझ्या दोनने मावशी आणि वादळ दोघींना खाली ओढलं. मी माझ्याबद्दल खोटं लिहिलं आणि साक्ष लागली त्यांच्याविरुद्ध.

आणखी एक. रोज सकाळी प्रार्थनेत म्हणते, प्रभू, तूच मला घडवलंस, हे हात तूच दिलेस. आणि वर्षातून एकदा त्याच्या त्या कामाला पाचपैकी दोन देऊन सही करते. हे लिहिताना मला फार लाज वाटली.

रागही आलाय. आईचा आलाय. तुझाही आलाय, प्रभू. एवढी वर्षं मी दाराजवळ उभी होते, तू एकदाही का म्हणाला नाहीस की आत ये? म्हणालाही असशील. मी चपला लावत असेन.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कार्यालयात गेले. कारकून म्हणाला, अर्ज एकदा भरला की भरला. मी म्हटलं, त्यात चूक आहे. तो म्हणाला, "चूक आमची की तुमची?" माझी, म्हटलं. तो पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसला. असं म्हणणारं माणूस त्याला बहुतेक भेटलं नसावं. म्हणाला, अर्ज बदलता येत नाही, पण पुढच्या गुरुवारी समितीपुढे निवेदन वाचता येईल. पाच मिनिटं.

पाच मिनिटं. मी महिला मंडळात कप विसळायला तयार झाले होते तेही पाच मिनिटं टाळायलाच.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज खुर्च्या दुसऱ्या कुणीतरी लावल्या. उपासनेनंतर सरळ घरी आले आणि निवेदन लिहायला बसले. तीन वाजता वादळ आली. शुक्रवारनंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, पण मी हाक मारल्यावर जुळ्यांना बहिणीकडे सोडून आली. आल्याआल्या कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"हत्यारांची तपासणी केली जाते. दोष आढळल्यास ती बाजूला काढली जातात. नव्या व्यक्तींना शिकवलं जातं." तिने कागद खाली ठेवला. "ताई, हे कोण करतं? भूत?"

ह्यांनी आतून मोठ्याने हसून घेतलं.

मग एकेक वाक्य सरळ करत गेलो. "मी तपासते." "मी बाजूला काढते." "हिला मी शिकवलं." तिसऱ्या वाक्याला मला घाम फुटला. वादळ म्हणाली, "अहो, चोरी कबूल केल्यासारखा चेहरा काय करताय?" संध्याकाळपर्यंत एक पान झालं. जाताना तिने माझा हात धरला आणि सोडला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

नंतर प्रार्थनेला बसले. सवयीने तोंडून गेलं, प्रभू, मला नम्र ठेव. मग थांबले आणि म्हटलं, खरी ठेव. दोन्ही एकच असतील तर तूच बघ.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी ते आपल्या सोयीने आठवेन.

समितीत तिघं होते. मेट्रनबाई, कार्यालयातले साहेब, आणि मधोमध एक वयस्क बाई, त्याच अध्यक्ष. मी निवेदन वाचलं. दुसऱ्या परिच्छेदात आवाज एवढा खाली गेला की साहेबांनी पंखा बंद केला.

वाचून झाल्यावर अध्यक्षबाईंनी तीन अर्ज माझ्यापुढे सरकवले. तीन वर्षांचे. "हे तुमचंच अक्षर ना? इथे सगळीकडे दोन आहे. आज तुम्ही वेगळं सांगताय. मग खोटं कुठलं?"

"ते," मी अर्जांवर बोट ठेवलं. "ते मी खोटं लिहिलं."

"तुमच्या सहीवर रोज माणसं टेबलावर झोपतात. खोटी नोंद करणाऱ्या बाईची सही आम्ही कशी चालवून घ्यायची?"

प्रश्न बरोबर होता. मीही हाच विचारला असता.

"ट्रेवर मी एकदाही खोटं लिहिलं नाही," मी म्हटलं. "माझ्याबद्दल लिहिलं. देवाला ते आवडतं असं मला लहानपणापासून वाटत होतं. ते चुकीचं निघालं. दोघींचं त्यात नुकसान झालं, ते भरून द्या. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

त्यांनी मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने परत बोलावलं. ठरलं ते असं: मोठे, साधे ट्रे बाहेरच्या कंपनीकडे जाणार. डोळ्याचे, कानाचे आणि लहान मुलांचे बारीक ट्रे इथेच राहणार, कारण ते गाडीतून हलवायला सर्जन तयार नाहीत. खोली राहील. पण दोघींपुरतीच.

अध्यक्षबाईंनी एक कोरा कागद पुढे केला. "तिघींचे गुण लिहा. या वेळी खरे. त्यावरून आम्ही ठरवू."

माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं. त्या दोघींना ठेवा, मी जाते. चोवीस वर्षं हेच उत्तर तोंडात तयार असतं. किती सोपं होतं! घरी गेले असते, सगळ्यांनी किती मोठं मन म्हटलं असतं, आणि पायही दुखायचे थांबले असते.

पण त्यानंतर डोळ्याचा ट्रे कोण तपासणार? वादळला ते शिकायला अजून सहा महिने लागतील. मावशींना टोक दिसत नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून दोनदा वाकलेलं टोक तसंच ट्रेमध्ये गेलं होतं. मी ते काढलं, कुणाला बोलले नाही, आणि अर्जावर त्यांना पाच दिले. ती माया होती. पण नोंद खोटीच होती, माझ्या दोनसारखी.

मी लिहिलं. तिघींचं खरं लिहिलं. कागद उलटा करून त्यांच्याकडे सरकवला.

खाली आले तर मावशी नळ बंद करून वाट बघत होत्या. "काय झालं?" मी वादळसमोर नको म्हणून त्यांना बाहेर नेलं आणि सांगितलं. काय लिहिलं तेही सांगितलं, आकडे नाही सांगितले, फक्त बारीक तपासणीबद्दल सांगितलं. त्यांनी हातमोजे काढले, ॲप्रन खुंटीला लावला, आणि सुट्टीला एक तास असताना घरी गेल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा.

३ मार्च, सोमवार

पत्रं आली. वादळला कायम केलं. मावशींना या शुक्रवारनंतर मागच्या इमारतीत, चादरी धुण्याच्या विभागात. दोन वर्षं तिथे, मग निवृत्ती. मेट्रनबाईंनी खटपट केली म्हणून तेवढं तरी झालं. माझी सही राहिली. माझे मागचे गुण मात्र तसेच राहणार, कारण ते माझ्याच हातचे आहेत.

वादळ आनंदाने रडावं की मावशींसाठी रडावं या गोंधळात दिवसभर दोन्ही करत होती. मावशी कामापुरतं बोलतात. "हा ट्रे झाला." "साबण संपला." बस्स.

आईचंच बरोबर होतं का? गप्प राहिले असते तर कदाचित तिघींनाही काढलं असतं, पण निदान माझ्या हाताने कुणी गेलं नसतं. हे म्हणतात, "तू गेली असतीस तर मला बरं वाटलं असतं, घरी गप्पा मारायला. पण कुणाच्या तरी डोळ्याचं वाटोळं झालं असतं." मला ते पटतं आणि तरी रात्रीचं जेवण जात नाही. प्रार्थनेत मावशींचं नाव घेतलं की पुढे शब्द सुचत नाही, म्हणून नुसतं नावच घेते.

७ मार्च, शुक्रवार

आज मावशींचा या खोलीतला शेवटचा दिवस. वादळने फुलं आणली. मावशी म्हणाल्या, मी मेले नाही, पलीकडच्या इमारतीत चाललेय. पण फुलं घेतली.

दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी भिंगाखाली कानाचा ट्रे बघत होते. त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. एवढ्या वर्षांत त्या कधी तिथे बसल्या नव्हत्या.

"मला किती दिलेस?" त्यांनी विचारलं. "तो नेहमीचा पाच सांगू नकोस. खरं सांग."

मी चिमटा खाली ठेवला. "धुण्यात पाच. तुमच्यासारखं धुणारं मी बघितलं नाही. बारीक तपासणीत दोन."

"दोन." त्यांनी मान हलवली. "दीडच म्हणायचंस. वर्षभर मला टोक दिसतच नाही. मी बोटाने चाचपून ठेवायची." मग म्हणाल्या, "तू परत बघतेस ते मला माहीत होतं. तुला बघता यावं म्हणून मी चहाला जायची. तेवढ्यासाठी रोज तो पाणचट चहा प्यायले."

मला रडू आवरेना. "मावशी, चुकलं माझं."

"आता लिहिलंस ते नाही चुकलं. राग आला, येणारच. दोन दिवस मी तुला घरी शिव्या दिल्या, सुनेने ऐकल्या सगळ्या. पण त्या डोळ्याच्या टेबलावर माझा नातू असता, तर मी काय लिही म्हणाले असते?" त्यांनी माझा हात बाजूला करून तो ट्रे भिंगाखाली परत नीट सरकवला. "चादरींना टोक नसतं. तिथे माझे पाचच राहतील."

पलीकडे वादळने मशीनचं दार लावलं आणि कळ फिरवली.

"आणि स्वतःला किती दिलेस गं?" मावशींनी विचारलं.

हे मी कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. समितीला नुसतं लिहून दिलं होतं, कागद उलटा करून. ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

"बोलण्यात एक," मी म्हटलं. "तपासणीत पाच."

वाफ सुटली होती, मशीन घरघरायला लागलं होतं. मावशींनी कान पुढे केला. "काय? ऐकू नाही आलं."

मी मान वर केली आणि मोठ्याने सांगितलं, "पाच!" वादळ दचकून मागे वळली. मावशी "हं," म्हणाल्या आणि मांडीवर ॲप्रनची घडी घालायला लागल्या.